आयर्विन वजा ५०: पुराच्या तयारीपासून मदत हातात पडेपर्यंत

मे संपत आला की सांगलीच्या गावभागात नवीन राहायला आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, पूर आला तर काय करायचं? सरकारी मदत मिळते ना?" दारात उभ्याउभ्या या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देता येत नाही. म्हणून २०१९ च्या महापुरानंतर आम्ही काय तयारी केली, २०२१ ला त्यातलं काय कामाला आलं, पंचनामा, अनुदान, विमा यांसाठी काय काय करावं लागलं, किती गेले आणि किती आले, ते क्रमाने लिहून ठेवते.

आमचं घर जुनं, दगडी जोत्याचं. वर माडी नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी अडचण. पुढच्या खोलीत शिवणसाहित्याचं दुकान आहे: अस्तर, दोरे, बटणं, चेन, लेस. मागे सासूबाई, हे, मुलगा आणि मी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सगळी सांगली २००५ च्या मापाने पूर मोजत होती. २००५ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५३ फुटांच्या वर गेली होती आणि गावभागातल्या प्रत्येक घराला आपल्या भिंतीवरची ती खूण पाठ होती. त्यामुळे लोकांनी सामान त्या खुणेच्या वर चढवलं आणि निश्चिंत झाले. नागपंचमी झाली, पाणी चढतच राहिलं आणि ५७ फुटांच्या पुढे गेलं. आमच्या घरात सात फुटांच्या वर पाणी होतं. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. घर गेलं, दुकान गेलं असं म्हणायला त्यानंतर तोंड उघडत नव्हतं.

त्या वेळी शहरी भागातल्या पूरग्रस्त कुटुंबाला १५ हजार रुपयांची मदत होती. ५ हजार रोख आणि बाकीचे खात्यावर, तसे ते आम्हाला मिळाले. त्या रोख ५ हजारांत बादल्या, खराटे, फिनेल, दोन सतरंज्या, स्टोव्ह आणि आठवड्याचा शिधा आला. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या घराला त्या पैशांची किंमत काय असते, ते मी विसरणार नाही. पण आमचं नुकसान तीन लाखांच्या घरात होतं.

त्या हिवाळ्यात घरात दोन मतं पडली. ह्यांचं म्हणणं, "धरणं सरकार चालवतं, विसर्ग सरकार ठरवतं, नदीत भर टाकून झालेली बांधकामं सरकारच्या डोळ्यांदेखत झाली. मग भरपाईही सरकारनेच द्यायला पाहिजे." माझा पुण्याचा भाऊ म्हणायचा, "नदीकाठी राहायचं आणि दर पुराला हात पसरायचा, हे किती वर्षं चालणार? घर विका, सांगलीतच नदीपासून लांब विश्रामबागला जा." दोघंही आमच्या भल्याचंच बोलत होते, आणि मला दोघांचंही पूर्ण पटत नव्हतं.

भावाचं यासाठी पटत नव्हतं, की गावभाग ही सांगलीची मूळ वस्ती आहे. स्वस्त प्लॉट बघून आम्ही नदीत घर बांधलेलं नाही. पूररेषेचे नकाशे नंतर आले. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. या रेषांच्या आतलं घर विकायला काढलं तर त्या पैशांत विश्रामबागला दोन खोल्याही येत नाहीत. ह्यांचं यासाठी पटत नव्हतं, की भरपाई म्हणून आपण जी कल्पना करतो ती सरकारी मदतीत नसतेच. ती सानुग्रह मदत असते, कुटुंबामागे ठरावीक रकमेची. कपड्याला इतकी, भांड्याला इतकी. फ्रिज, कपाटं, दुकानातला माल यांची पूर्ण किंमत त्या तक्त्यात बसत नाही. हे एकदा नीट समजलं की रागही थोडा कमी होतो आणि कामालाही लागता येतं.

मी एक वही केली. डावीकडच्या पानावर आपल्या हातातलं, उजवीकडे जे फक्त सरकारच करू शकतं ते. डावीकडे आलं: माल आणि सामान किती उंचीवर ठेवायचं, विजेचा मीटर, कागदपत्रं, विमा, सासूबाईंना कुठे आणि कधी न्यायचं. उजवीकडे: धरणातला विसर्ग, पाण्याची पातळी वेळेवर सांगणं, बोटी, निवारा केंद्रं, प्यायचं पाणी, पुरानंतरची फवारणी, पंचनामा. वही भरत गेली तसं एक दिसायला लागलं. उजवीकडचं काम वेळेवर झालं नाही तर डावीकडची तयारी वाया जाते. आणि डावीकडे काहीच केलेलं नसेल तर उजवीकडून येणारी मदत घराला पुन्हा उभं करायला पुरत नाही.

पहिलं काम उंचीचं. आयर्विनला ५० फूट झाले की पाणी आमच्या उंबऱ्याला लागतं. गल्लीतल्या एका निवृत्त अभियंता काकांनी २००५ आणि २०१९ च्या खुणा मोजून हे काढून दिलं. म्हणजे आयर्विनचा आकडा वजा ५०, एवढे फूट पाणी आमच्या घरात. प्रत्येक घराचा हा आकडा वेगळा असतो. तुमच्या घरात जुन्या पुराची खूण असेल तर त्या वर्षीच्या कमाल पातळीतून तिची जमिनीपासूनची उंची वजा करा, तुमचा आकडा निघेल. घर नवीन असेल तर शेजारच्या जुन्या घरातली खूण पाहा. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट हे शहरासाठीचे आकडे आहेत. सखल भागात त्याआधीच पाणी शिरतं, आमच्याकडे त्यानंतर.

२०१९ ची खूण सात फुटांच्या वर म्हणून माळा आठ फुटांवर घेतला. छत अकरा फुटांवर आहे, त्यामुळे वर तीन फुटांची जागा मिळाली. दुकानात आणि मागच्या खोलीत लोखंडी अँगल आणि जाड प्लाय मिळून साधारण ३८ हजार रुपये लागले. फेब्रुवारी २०२० ला काम संपलं आणि पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली. प्लायच्या ऐवजी लोखंडी जाळी टाकली असती तर ओल धरली नसती, असं सुतार म्हणाला होता. ज्यांना आता करायचं आहे त्यांनी जाळीचा विचार करावा, थोडी महाग पडते.

मीटर वर घेण्याला मात्र वेळ लागला. त्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज, त्यासोबत चालू बिल, घरपट्टीची पावती आणि परवानाधारक वायरमनचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. मग पाहणी, मग खर्चाचा अंदाज, तो भरायचा, मग काम. टाळेबंदीत सगळं थांबलं आणि मीटर प्रत्यक्षात जानेवारी २०२१ मध्ये वर गेला. घरातली बटणं आणि प्लग पाच फुटांवर घेतले. वायरिंगसकट २२ हजार खर्च आला. अर्ज करताना पोच घेतलेली प्रत जपून ठेवा. मधे कर्मचारी बदलले की तीच दाखवावी लागते.

विम्याचं मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आली आणि आगीचा विमा करणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती द्यावीच लागते, हे एका ओळखीच्या एजंटने सांगितलं. तीत पूर धरलेलाच असतो, वेगळा मागावा लागत नाही. इमारतीचा विमा केला की आतल्या घरगुती सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप संरक्षण मिळतं. आम्ही इमारत १२ लाखांची धरली. वर्षाचा हप्ता हजार रुपयांच्या आत बसला. मला वाटलं होतं, पूररेषेतल्या घराला कुणी विमा देणारच नाही. जुन्या घराचे फोटो मागितले, घरपट्टी मागितली आणि आठवड्याभरात पॉलिसी आली. दुकानातल्या मालासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी असते. तिला मालाचा हिशेब लागतो, आणि टाळेबंदीमुळे त्या वर्षीचा हिशेब तयार नव्हता, म्हणून ती त्या पावसाळ्याआधी झाली नाही.

मग जुलै २०२१ उजाडला. २२ तारखेला गुरुवारी घाटात असा पाऊस कोसळला, की महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर नोंदला गेला. कोयना धरणाच्या विसर्गाकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि ते असावंच. पण धरणाच्या खालच्या भागात पडलेलं पाणी कुठल्याही दरवाजातून सुटत नाही, ते थेट नदीत येतं. शिवाय सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. त्या दोन्ही फुगलेल्या असल्या की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही. म्हणून पाटबंधारे खात्याच्या पातळीच्या पत्रकात मी आयर्विनच्या आधी नदीच्या वरच्या अंगाच्या कराड, बहे, ताकारी आणि भिलवडीचे आकडे बघते. तिथे चढ झपाट्याचा असला तर आपल्याकडे तो मागून येणारच.

त्या संध्याकाळी भिलवडीचा आकडा बघून आम्ही माल चढवायला घेतला. क्रम आधीच ठरलेला होता: आधी अस्तराचे तागे, कारण ते भिजले की संपलं. मग लेस, दोरे, सर्वांत शेवटी बटणं, ती धुऊन विकता येतात. घरातलं धान्य, गाद्या, मुलाची पुस्तकं. शिलाई मशीनचं डोकं सोडवून वर, पाय खाली. आतल्या दारांच्या फळ्या बिजागरीतून काढून माळ्यावर. फ्रिज आणि वॉशिंग मशीन माळ्यावर चढवणं शक्य नव्हतं, ती ओट्यावर ठेवली. संडासच्या भांड्यात आणि मोरीच्या तोंडावर वाळूच्या पिशव्या कोंबल्या. पाणी दारातून यायच्या आधी गटारीतून उलटं वर येतं आणि ते जास्त घाण असतं.

२३ ला शुक्रवारी सकाळी सासूबाईंना विश्रामबागला नणंदेकडे सोडलं. त्यांचा पाय निघत नव्हता. गुरुपौर्णिमा होती, देवघरातले देव हलवायचे नाहीत म्हणाल्या. शेवटी देवांचा डबा त्यांच्याच मांडीवर देऊन रिक्षात बसवलं. महापालिकेची गाडी ध्वनिक्षेपकावरून स्थलांतराची सूचना देत फिरत होती. करोनाचे दिवस होते, निवारा केंद्रात गर्दी होईल या भीतीने लोक घर सोडायला तयार नव्हते. बाहेर पडण्यापूर्वी मुख्य बटण बंद केलं, सिलिंडरचं रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीने बांधला, आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला, तारीख बोलून. हा व्हिडिओ पुढे दोन ठिकाणी उपयोगी पडला. कागदपत्रांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये होत्या. मूळ कागद चेनच्या जाड प्लास्टिक पिशवीत, अंगाबरोबर.

आयर्विन ५४ च्या पुढे गेलं. नणंदेकडे रात्री जाग यायची, मी मोबाइलवर पातळी बघायची आणि ५० वजा करायची. काय चाललं असेल हे ठाऊक असणं आणि काहीच ठाऊक नसणं यांत फार फरक आहे. २०१९ ला मी रात्रभर रडले होते. या वेळी मला माहीत होतं, की पाणी साडेचार फुटांच्या आत आहे आणि माल आठ फुटांवर आहे. तो आकडा मला सरकारी यंत्रणेने दिला होता आणि माळा आम्ही बांधला होता.

पाणी उतरायला लागल्यावर लगेच या, ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना. पुराचं पाणी उंबऱ्याच्या खाली जायच्या आत गाळ ढवळून त्याच पाण्याबरोबर बाहेर लोटायचा. वाळला की कुदळीने खणावा लागतो. आत शिरताना काठी आणि गमबूट हवेत, साप कोपऱ्यात, कपाटामागे बसलेले असतात. वायरमनने बघेपर्यंत वीज सुरू करायची नाही. भिजलेल्या भिंती उघड्या ठेवून वाळू द्यायच्या. आम्ही दिवाळीपर्यंत रंग लावला नाही.

इथे एक पेच आला. महापालिकेचे ट्रॅक्टर कचरा उचलायला येत होते आणि सगळे भिजलेलं सामान रस्त्यावर काढत होते. इकडे विमा कंपनीचा निरोप होता, की नुकसान तपासायला येणारा सर्वेक्षक बघेपर्यंत काही टाकू नका. कुजत चाललेली कपाटं आणि बंद पडलेला फ्रिज घरात ठेवून राहता येत नाही. मी कंपनीला ईमेल केला, की आरोग्याच्या कारणाने वस्तू हलवत आहे, सोबत फोटो जोडते. प्रत्येक वस्तूचा फोटो, शेजारी मोजपट्टी, वस्तूवरचा मॉडेल क्रमांक दिसेल असा. फ्रिज आणि वॉशिंग मशीन ठेवली, बाकी दिलं. तो ईमेल पुढे फार कामाचा ठरला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे कळवल्यापासून ७२ तासांत सर्वेक्षक नेमायचा होता. सांगली आणि कोल्हापूर दोन्हीकडे एकदम दावे आल्यामुळे प्रत्यक्ष भेटीला त्याहून उशीर लागला, म्हणून फोटो नसते तर काही सिद्ध करता आलं नसतं.

२ ऑगस्टला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे सांगलीत येऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. कुटुंबाला १० हजार, दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के पण जास्तीत जास्त ५० हजार, टपरीला १० हजार. पंचनामा त्याआधीच सुरू झाला होता. पथक येईल तेव्हा घरात माणूस हवं आणि प्रती तयार हव्यात: आधार, रेशन कार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान, घरपट्टी किंवा लाईट बिल, दुकानासाठी शॉप ॲक्टचा दाखला. आम्ही भिंतीवरची ओल पुसली नव्हती आणि पाण्याची रेघ पेन्सिलने आखून ठेवली होती. पथकातली माणसं चिखलातून दिवसभर फिरत होती, त्यांना बसायला खुर्ची आणि चहा दिला. दुकानाचं नुकसान २४ हजार लिहिलं गेलं. विमा काढलाय तो घराचा, दुकानाचा नाही, हेही मी सांगितलं. पंचनाम्यात काय लिहिलं ते वाचून मगच सही करा आणि परवानगी घेऊन कागदाचा फोटो काढा.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं मात्र या सगळ्यात वेगळंच होतं. त्या नदीजवळच्या सखल वस्तीत पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहतात. त्यांच्याकडे आयर्विन ४२ च्या आसपासच पाणी येतं, म्हणजे आमचा गल्लीतला रस्ता कोरडा असताना त्यांना घर सोडावं लागतं. खोलीची उंची सात फूट. माळा कुठे बांधणार, आणि भाड्याच्या खोलीचा इमारत विमा त्या कसा काढणार? नागरिकांनी स्वतःची जबाबदारी घ्यावी, असं मी बोलते तेव्हा मला आधी मावशी आठवतात. त्यांच्या पानावर डावीकडे लिहिण्यासारखं फार थोडं आहे, म्हणून उजवीकडचं त्यांना वेळेवर आणि न झगडता मिळालं पाहिजे. ते तसं मिळत नाही. भाडेकरार नाही, मालक दुसरीकडे राहतो, पंचनाम्यात नाव मालकाचं लागण्याची वेळ आली. त्यांचं रेशन कार्ड त्याच पत्त्यावर होतं, गॅसच्या पावत्या होत्या, आणि शेजारच्या दोन घरांनी लेखी सांगितलं की या इथे राहतात. तेव्हा त्यांचं कुटुंब म्हणून वेगळं नाव लागलं. ही कागदं वाचली कारण २२ ला रात्रीच त्यांनी ती पिशवी आमच्या माळ्यावर आणून ठेवली होती. तुमच्याकडे उंच जागा असेल तर घरकामाला येणाऱ्यांना, शेजारच्या भाडेकरूंना कागद ठेवायला आवर्जून सांगा. आणि भाडेकरूंनी रेशन कार्डावरचा पत्ता पावसाळ्याआधी राहत्या जागेचा करून घ्यावा.

कुटुंबाचे १० हजार गल्लीत बहुतेकांच्या खात्यावर गणपतीच्या आसपास आले. आमचे आले नाहीत. रेशन कार्ड सासूबाईंच्या नावावर, खातंही त्यांचं. त्यांची जुनी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि १ जुलैपासून शाखेचा आयएफएससी कोड बदलला होता. पासबुकावर जुनाच कोड छापलेला, तोच यादीत गेला आणि रक्कम परत फिरली. हे कळायलाच बरेच दिवस गेले, कारण यादीत नाव होतं आणि 'रक्कम वर्ग' असा शेरा होता. तलाठ्यांनी नीट समजावून सांगितलं, मग नवीन पासबुक, रद्द केलेला चेक, अर्ज. पैसे ऑक्टोबरच्या शेवटी जमा झाले. दुकानाचे २४ हजारांचे ७५ टक्के म्हणजे १८ हजार दिवाळीनंतर आले. तेव्हा दर पावसाळ्याआधी पासबुकावर ताजी नोंद करून घ्या आणि कोड तपासा.

विम्याचा दावा १ लाख ७ हजारांचा होता: फरशी, गिलावा, वायरिंग, दारं मिळून ६२ हजार, फ्रिज आणि बाकी सामान ४५ हजार. सर्वेक्षकांनी भेटीत सगळं शांतपणे पाहिलं. नंतर मात्र कंपनीकडून सप्टेंबरभर काही कळलं नाही, आणि मग वायरिंग जुनं आहे म्हणून ते धरता येणार नाही असं उत्तर आलं. जानेवारीतलं वायरिंगचं बिल आणि चाचणी अहवाल माझ्याकडे होता. तो जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाईन, हेही लिहिलं. ती तक्रार फुकट करता येते, वकील लागत नाही, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. तिथपर्यंत जावं लागलं नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ७८ हजार मंजूर होऊन आले.

नुकसान २०१९ ला तीन लाख होतं, २०२१ ला सव्वा लाखाच्या जरा वर. त्यातले लाखाच्या पुढे परत आले. पाणीही या वेळी तीन फूट कमी होतं, म्हणून सगळं श्रेय माळ्याला देत नाही. पण अस्तराचा एक तागा भिजला नाही, आणि दुकान पंधरवड्याच्या आत उघडलं.

पुढच्या वर्षी दुकानाची पॉलिसी घेतली. गल्लीत एक बैठक सुरू केली, दर जूनच्या पहिल्या रविवारी. अभियंता काकांनी विजेच्या खांबांपासून दूर, एका भिंतीवर आयर्विनच्या आकड्यांच्या रेघा रंगवल्या, कुठल्या आकड्याला पाणी कुठे येतं ते नवीन माणसालाही दिसतं. वर्गणी काढून दहा लाइफ जॅकेट आणि जाड दोर घेतला, ब्रह्मनाळ कुणी विसरलेलं नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक प्रत्येकाच्या दारामागे लिहिलेला आहे. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची, नदीतली बांधकामं, जागतिक बँकेच्या मदतीचा पूरनियंत्रण प्रकल्प यांवर बैठकीत वाद होतात आणि व्हायला हवेत. विसर्ग कधी आणि किती होणार हे पुरेसं आधी कळलं पाहिजे, या मागणीवर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. माळे बांधले म्हणून ती मागणी सोडून द्यायची, असं कुणालाही वाटत नाही.

जुलै २०२४ च्या शेवटी पातळी ४० फुटांच्या आसपास गेली. आमच्या उंबऱ्याला अजून दहा फूट अवकाश होता, तरी माल चढवला. मावशी आणि त्यांची दोन्ही मुलं आमच्याकडेच राहायला आली. पाणी त्यापुढे फारसं चढलं नाही. माल परत उतरवायला दोन दिवस गेले आणि त्याबद्दल घरात कुणी कुरकुर केली नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. गल्लीच्या टोकाला एक आजी-आजोबा दोघंच असतात, आजोबा अंथरुणाला खिळलेले. मुलगा परदेशात. त्यांना बसवून नेता येत नाही, स्ट्रेचर लागतं, आणि ते पाणी रस्त्यावर यायच्या आत व्हायला हवं, म्हणजे आयर्विन ४५ च्या आत. रुग्णवाहिका त्या वेळी सगळ्यांनाच हवी असते. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात त्यांचं नाव आधीच नोंदवायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, आणि गल्लीतल्या चार मुलांनी स्ट्रेचर उचलायची तयारी दाखवली आहे. स्ट्रेचर भाड्याने घ्यायचं की विकत, हे येत्या जूनच्या बैठकीत ठरवायचं आहे.